नव्या गडद रंगाच्या गाडीसाठी सिरॅमिक कोटिंग: कोणते निवडावे आणि ते स्वतः लावता येईल का?

प्रश्न

नमस्कार. काही महिन्यांपूर्वी मी गडद निळ्या रंगाची नवीन गाडी घेतली. गाडी दिवसभर उघड्यावर उभी असते. ऊन आणि धूळ तर असतेच, शिवाय जवळच्या झाडांमुळे पक्ष्यांची विष्ठाही वारंवार पडते. धुण्यासाठी मिळणारे पाणी क्षारयुक्त असल्यामुळे ते वाळले की बॉनेटवर आणि काचांवर पांढरट ठिपके उरतात. त्यातच गेल्या काही दिवसांपासून ऊन तिरपे पडले की बॉनेटवर बारीक ओरखड्यांचे वर्तुळाकार जाळे दिसू लागले आहे. मागचा बंपर एका किरकोळ धडकेनंतर नुकताच पुन्हा रंगवून घेतला आहे.

रंगाचे रक्षण व्हावे म्हणून सिरॅमिक कोटिंग (रंगावर बसणारा पातळ, पारदर्शक संरक्षक थर) करून घ्यावे असे मनात आहे, पण माहिती घ्यायला गेल्यावर गोंधळ वाढला. कोणी ‘९एच कठीणपणा’ सांगतो, कोणी पाच थर देण्याची तयारी दाखवतो, तर कोणी ग्राफिन (कार्बनचा एक प्रकार) असलेले कोटिंग हेच खरे असे म्हणतो. कोटिंगनंतर गाडीला ओरखडेच पडत नाहीत, असेही मला एका ठिकाणी सांगण्यात आले. या दाव्यांमध्ये तथ्य किती आहे? सध्या दिसणारे ओरखडे कोटिंगखाली झाकले जातील का? मला दोन दिवसांसाठी बंद गॅरेज मिळू शकते आणि हाताने काम करण्याची आवड आहे, तेव्हा हे काम घरी नीट करता येईल का, आणि करायचे झाल्यास कोणत्या क्रमाने करावे, हे अनुभवी मंडळींनी सविस्तर सांगितल्यास आभारी राहीन.

पहिले उत्तर

आधी जाडीचे आकडे पाहावेत, म्हणजे बरेचसे दावे आपोआप जागेवर येतात. कारखान्यातून आलेल्या गाडीच्या पत्र्यावर प्रायमर, रंग आणि वरचा पारदर्शक क्लिअर कोट मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉनचा (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) थर असतो आणि त्यात क्लिअर कोटचा वाटा सुमारे ३५ ते ५० मायक्रॉनचा असतो. सिरॅमिक कोटिंग पक्के झाल्यावर बहुधा १ मायक्रॉनच्या आसपास भरते, क्वचित २ मायक्रॉनपर्यंत जाते. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, हे लक्षात घेतले म्हणजे उडालेला खडा, घासलेली किल्ली किंवा दुचाकीच्या हँडलचा धक्का यांना हा थर अडवू शकणार नाही हे वेगळे सांगायला नको.

‘९एच’ हा आकडा खोटा नसतो, पण तो ज्या अर्थाने ऐकवला जातो तो त्याचा अर्थ नाही. हा आकडा पेन्सिल चाचणीतला आहे. वेगवेगळ्या कठीणपणाच्या पेन्सिली ४५ अंशांच्या कोनात, ठरावीक भाराखाली रंगावरून ओढतात आणि कोणत्या पेन्सिलीपर्यंत थरावर चरा उमटत नाही हे पाहतात. खनिजांचा कठीणपणा मोजणाऱ्या मोह्स मापनाशी त्याचा काही संबंध नाही. त्या मापनात क्वार्ट्झ ७ वर आणि हिरा १० वर असतो. रस्त्यावरच्या धुळीत वाळूचे, म्हणजे प्रामुख्याने क्वार्ट्झचे कण असतात आणि पेन्सिलीतले शिसे हे ग्राफाइट व चिकणमाती यांचे, वाळूच्या मानाने फारच मऊ मिश्रण असते. त्यामुळे ९एचच्या पेन्सिलीने चरा न पडलेल्या थरावर धुळीने भरलेले फडके फिरवले, तर ओरखडे पडणारच.

मग हा थर करतो काय? बाटलीतल्या द्रवात सॉल्व्हंटमध्ये विरघळलेली सिलिकॉनची संयुगे असतात. काही कोटिंगमध्ये पॉलिसिलाझेन असते, तर काहींमध्ये सिलॉक्सेनच्या जातीची रेझिने. हवेतल्या बाष्पाशी त्यांची प्रक्रिया होऊन सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांचे घट्ट विणलेले जाळे तयार होते आणि ते क्लिअर कोटला चिकटून राहते. पॉलिसिलाझेनच्या कोटिंगला लावताना अमोनियाचा वास येतो तो याच प्रक्रियेमुळे. मेण काही आठवड्यांत किंवा फार तर काही महिन्यांत निघून जाते. हे जाळे साबणाला आणि सौम्य आम्ल-अल्कलीला दाद देत नाही, म्हणून चांगले उत्पादन, नीट निगा राखल्यास, दोन-तीन वर्षे सहज टिकते. त्याचा पृष्ठभाग गुळगुळीत आणि पाणी झटकणारा असल्याने मळ घट्ट बसत नाही, धुणे सोपे होते, झळाळी वाढते आणि विष्ठा किंवा किड्यांचे अवशेष पडल्यावर ते पुसून घ्यायला थोडा जास्त अवधी मिळतो. माझ्या मते पैसे मोजायचे ते एवढ्याच गोष्टींसाठी मोजावेत.

थरांच्या संख्येवर फार भर देऊ नये. पहिला थर व्यवस्थित लागला असेल तर दुसऱ्या थराने कुठे राहून गेलेली जागा भरली जाते, एवढा त्याचा खरा उपयोग आहे. पाच थरांनी संरक्षण पाचपट होत नाही. ग्राफिनच्या नावाने मिळणाऱ्या बहुतेक बाटल्यांतही मुख्य घटक सिलिकॉनचे रेझिनच असते आणि त्यात ग्राफिन ऑक्साइड थोडे मिसळलेले असते, म्हणून केवळ नावासाठी जास्त पैसे मोजू नयेत. निवड करताना मी तीन गोष्टी पाहीन: उत्पादकाने लावण्याच्या सूचना तापमान, आर्द्रता आणि पुसण्याचा अवधी यांसह नीट दिल्या आहेत का, बाटलीवर उत्पादनाची तारीख आहे का, आणि नवशिक्याला हाताळता येईल इतका वेळ ते ओले राहते का. व्यावसायिकांसाठीची काही कोटिंग इतक्या झपाट्याने घट्ट होतात की सराव नसलेल्या माणसाने त्यांच्या वाटेला जाऊ नये.

खड्यांच्या माऱ्यापासूनच रक्षण हवे असेल, तर त्यासाठी पीपीएफ म्हणजे पॉलियुरेथेनची पारदर्शक फिल्म असते. ती १५० ते २०० मायक्रॉन जाड असते आणि चांगल्या फिल्मवरचे बारीक ओरखडे उन्हाच्या किंवा गरम पाण्याच्या उष्णतेने भरून येतात. पुढचा बंपर आणि बॉनेटची पुढची कड यांवर फिल्म आणि बाकी गाडीवर कोटिंग, अशी विभागणी अनेक जण करतात आणि ती शहाणपणाची आहे. फिल्मवरही कोटिंग लावता येते.

दुसरे उत्तर

गाड्यांच्या डिटेलिंगचे, म्हणजे बारकाईने स्वच्छता आणि रंगाची निगा करण्याचे, काम मी व्यवसाय म्हणून करतो, त्यामुळे प्रत्यक्ष कामाबद्दल लिहितो. ओरखडे कोटिंगखाली झाकले जात नाहीत. थर पारदर्शक असल्यामुळे खाली जे असेल ते तसेच दिसत राहते, आणि झळाळी वाढल्यामुळे गडद रंगावर तर ते अधिकच उठून दिसते. वर थर बसल्यानंतर ते काढायचे म्हटले तर कोटिंगही पॉलिशने उतरवावे लागते. म्हणून या कामातला बहुतांश वेळ बाटली उघडण्याआधीच जातो, आणि तो जायलाच हवा.

सुरुवातीला भरपूर पाण्याने सैल धूळ वाहून जाऊ द्यावी, मग पीएच तटस्थ (ना आम्ल, ना अल्कली) शांपूने गाडी धुवावी. त्यानंतर लोहकण विरघळवणारा द्रव फवारावा. ब्रेकमधून उडालेली लोखंडाची भुकटी रंगात रुतून बसलेली असते. द्रवाची तिच्याशी प्रक्रिया झाली की जांभळे ओघळ उतरू लागतात, आणि नव्या गाडीवरही ते किती निघतात हे पाहून लोकांना आश्चर्य वाटते. हा द्रव अंगावर वाळू न देता धुऊन टाकावा. डांबराचे ठिपके वेगळ्या द्रवाने काढावेत. मग हातावर पातळ प्लॅस्टिकची पिशवी चढवून धुतलेल्या बॉनेटवरून बोटे हलकेच फिरवून पाहावीत. उघड्या हाताला जो पत्रा गुळगुळीत भासतो, तोच पिशवीतून कणीदार लागतो, आणि जेथे असे लागेल तेथे क्ले बारचे (रंगात रुतलेला मळ उचलणाऱ्या मऊ मातीसारख्या वडीचे) काम बाकी आहे असे समजावे. क्ले नेहमी भरपूर ओलाव्यावर आणि अजिबात जोर न देता फिरवावी, तिची घडी वारंवार बदलत राहावी आणि ती जमिनीवर पडली तर टाकून द्यावी.

आता पॉलिश. तुमच्या ओरखड्यांचे वर्णन पाहता ते धुण्या-पुसण्यातले वरवरचे दिसतात. अशा ओरखड्यांसाठी ड्युअल अ‍ॅक्शन मशीन (पॅड गोल फिरवत असतानाच हलवणारे पॉलिशचे यंत्र), मऊ फोमचे पॅड आणि बारीक दाण्याचे पॉलिश बहुधा पुरेसे ठरते. आधी बॉनेटच्या एका कोपऱ्यात हातभर जागेवर काम करून बघावे आणि सर्वांत सौम्य उपायाने काम भागत असेल तर पुढचा उपाय करू नये. क्लिअर कोट मोजकाच असतो आणि तो पुन्हा भरून येत नाही, म्हणून प्रत्येक ओरखडा नाहीसा करण्याचा हट्ट धरू नये. नख अडकते असा खोल ओरखडा तसाच सोडलेला बरा. दारांच्या कडा आणि पत्र्याला पडलेल्या तीव्र घड्या यांवर रंग पातळ असतो. तेथे मशीन नेताना अतिशय जपावे किंवा हातानेच पॉलिश करावे.

पॉलिशमधले तेल ओरखड्यांत बसून ते तात्पुरते दिसेनासे करते, शिवाय कोटिंगला चिकटू देत नाही. म्हणून प्रत्येक भाग आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या पातळ द्रावणाने किंवा कोटिंगच्या उत्पादकाने दिलेल्या पुसण्याच्या द्रवाने दोनदा स्वच्छ करावा आणि टॉर्चच्या तिरप्या प्रकाशात पाहावा. ओरखडे परत दिसू लागले तर पॉलिश अपुरे झाले आहे.

लावताना पत्रा हाताला गार लागला पाहिजे. साधारण १० ते २५ अंश सेल्सियस तापमान आणि मध्यम आर्द्रता असेल तर काम आरामात होते. त्याहून उष्ण किंवा दमट हवेत द्रव फार लवकर घट्ट होतो, म्हणून पहाटेची वेळ निवडावी आणि एका वेळी कमी जागा घ्यावी. नायट्राइलचे हातमोजे घालावेत, दार उघडे ठेवून हवा खेळती ठेवावी आणि सॉल्व्हंटच्या वाफा अडवणारा मास्क लावावा. धुळीसाठीचा साधा मास्क येथे उपयोगाचा नाही. फोमच्या ठोकळ्याला मऊ स्वेडचे फडके गुंडाळून त्यावर काही थेंब टाकावेत, सुमारे ६० सेंटिमीटर लांब-रुंद भागावर आधी आडवे व मग उभे हात फिरवावेत, आणि थांबून निरीक्षण करावे. ओल्या थराची चमक हळूहळू बदलते, त्यावर पाण्यावरच्या तेलाच्या तवंगासारखे रंग उमटतात आणि मग तो बारीक थेंबांत आकसू लागतो. पुसण्याची वेळ हीच. ती काही सेकंदांनी येते की दोन-तीन मिनिटांनी, हे उत्पादन आणि हवामान यांवर ठरते. आखूड लवेच्या मायक्रोफायबरने हलक्या हाताने जादा द्रव उचलावा, मग दुसऱ्या कोरड्या फडक्याने तो भाग समतल करावा आणि शेजारचा भाग घेताना आधीच्या भागावर थोडे जावे.

प्रत्येक भाग पुसून झाला की टॉर्च दोन-तीन कोनांतून धरून पाहावे. जादा द्रव राहिला असेल तर तेथे काळपट किंवा इंद्रधनुषी डाग दिसतो. तो लगेच लक्षात आला तर त्याच जागी थोडा ताजा द्रव फिरवून पुसल्याने निघतो, पण एकदा पक्का झाला की पॉलिशशिवाय जात नाही. वापरलेली फडकी धुऊन पुन्हा गाडीवर वापरू नयेत, कारण त्यांत मुरलेले कोटिंग वाळून कडक कण होतात आणि तेच पुढे रंगावर ओरखडे पाडतात. बाटलीच्या तोंडाशी जमलेले स्फटिकही प्रत्येक वेळी पुसून घ्यावेत. मध्यम आकाराच्या गाडीला एका थरासाठी ३० मिलिलिटर, म्हणजे बाजारात मिळणारी नेहमीची बाटली, बहुधा पुरते.

दोन दिवसांच्या गॅरेजमध्ये पहिला दिवस धुणे, क्ले आणि पॉलिश यांत जाईल. दुसऱ्या दिवशी सकाळी कोटिंग लावावे. घाई वाटली तर पॉलिश फक्त बॉनेट, छत आणि दारांपुरते ठेवावे, पण पुसण्याची आणि तपासण्याची पायरी गाळू नये.

तिसरे उत्तर

वरील दोन्ही उत्तरांशी मी सहमत आहे, परंतु तुमच्या प्रश्नातील क्षारयुक्त पाण्याची बाब मला सर्वांत महत्त्वाची वाटते आणि तिच्याविषयी अजून कोणी लिहिलेले नाही.

कोटिंग केलेल्या गाडीवर पाण्याचे गोल, उभे थेंब पाहून सर्वांना आनंद होतो. मात्र तोच थेंब उन्हात जागच्या जागी आटला, तर त्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार एका लहानशा वर्तुळात एकवटतात व तेथे ठळक डाग पडतो. म्हणजे तुमच्या परिस्थितीत कोटिंगमुळे डागांचा त्रास थांबेल अशी अपेक्षा ठेवली तर निराशा होईल. थेंबांच्या गोलाईपेक्षा पाणी उतारावरून किती चटकन निघून जाते याला निवडीत जास्त महत्त्व द्यावे. गाडी सावलीत धुवावी, एकेक भाग धुऊन लगेच जाड मायक्रोफायबरने टिपून घ्यावा, आणि शक्य असेल तर शेवटचा हात क्षारविरहित पाण्याचा द्यावा. डाग पडलाच तर तो ताजा असताना डाग काढण्याच्या सौम्य आम्लयुक्त द्रवाने निघतो, पण आठवडाभर उन्हात तापला की क्षार थरात कोरले जातात.

पक्ष्यांच्या विष्ठेलाही हेच लागू आहे. तिच्यात युरिक आम्ल असते, शिवाय उन्हाने क्लिअर कोट मऊ होतो आणि वाळत जाणारी विष्ठा आकसताना त्याला खेचते, म्हणून खाली सुरकुतलेला ठसा राहतो. कोटिंगमुळे काही तास मिळतात, दिवस मिळत नाहीत. गाडीत पाण्याची छोटी बाटली आणि एक स्वच्छ फडके ठेवावे, विष्ठेवर ओले फडके काही मिनिटे ठेवून ती भिजू द्यावी आणि मग न घासता उचलून घ्यावी.

आता सर्वांत स्पष्टपणे सांगायचे ते असे की, तुमच्या बॉनेटवरचे जाळे गाडी चालवण्याने पडलेले नसून पुसण्याने पडलेले आहे. रोज सकाळी कोरड्या फडक्याने किंवा झटकणीने धूळ पुसण्याची पद्धत चालू असेल, तर कोणतेही कोटिंग काही महिन्यांत पुन्हा तसेच दिसू लागेल. गाडी दुसरे कोणी धुत असेल तर त्या व्यक्तीला हे समजावून सांगावे, दोन वेगळ्या बादल्या द्याव्यात, एक शांपूची आणि एक हातमोजा खळबळण्याची, आणि फिरत्या ब्रशांच्या स्वयंचलित धुलाईकडे जाणे बंद करावे. हे जमणार नसेल तर मी कोटिंगचा आग्रह धरणार नाही. फवारून पुसायचे चांगले सीलंट (मेणासारखा, पण कृत्रिम संरक्षक थर देणारा द्रव) दर दोन-तीन महिन्यांनी लावले, तरी तुमचे बरेचसे काम होईल, आणि त्यात बिघडण्यासारखे फारसे काही नसते.

मूळ प्रश्नकर्ता

तिघांचेही मनापासून आभार. कोरड्या फडक्याने रोज पुसले जाते हे खरे आहे, आणि ते आजपासून बंद केले आहे. कोटिंग स्वतःच लावण्याचे ठरवले आहे, आणि त्याआधी पॉलिशही करीन. तीन शंका उरल्या आहेत. पुन्हा रंगवलेल्या बंपरवर लगेच कोटिंग चालेल का? दोन दिवसांनी गाडी उघड्यावर आणावी लागेल, तेव्हा पाऊस आला तर काय करावे? आणि हेच कोटिंग पुढच्या काचेला लावता येईल का?

दुसऱ्या उत्तराचे लेखक

बंपर सध्या सोडून द्यावा. कारखान्यात रंग साधारण १४० अंश सेल्सियसच्या भट्टीत पक्का केला जातो, म्हणून नव्या गाडीच्या मूळ रंगासाठी थांबावे लागत नाही. दुरुस्तीचा रंग मात्र बऱ्याच कमी तापमानाला सुकवतात आणि त्यातले सॉल्व्हंट पुढेही काही आठवडे बाहेर पडत राहते. वरून थर बसवला तर त्याला अडथळा होतो. सर्वसाधारणपणे महिनाभर थांबण्याची प्रथा आहे, तरीही ज्यांनी रंगवले त्यांना कोणता क्लिअर कोट वापरला हे विचारून नक्की करावे. तोवर त्यावर मेण किंवा सीलंटही लावू नये, साधे धुणे पुरे.

पावसाच्या बाबतीत पहिले १२ ते २४ तास निर्णायक असतात आणि तेवढा वेळ गाडी कोरडी राहिलीच पाहिजे. म्हणून दुसऱ्या दिवशी शक्य तितक्या लवकर काम संपवून गाडी रात्रभर गॅरेजमध्येच ठेवता येते का ते पाहावे. त्यानंतर पाऊस आला तर घाबरण्याचे कारण नाही, फक्त पाणी अंगावर वाळू न देता टिपून घ्यावे. शांपूने पहिली धुलाई मात्र सात दिवसांनंतरच करावी, कारण थर पूर्ण पक्का व्हायला एक ते तीन आठवडे लागतात. पुढे काही महिन्यांनी पाण्याचे थेंब पूर्वीसारखे उभे राहीनासे झाले, तर कोटिंग गेले असे लगेच समजू नये. बहुतेक वेळा त्यावर मळाचा आणि क्षारांचा पातळ पापुद्रा बसलेला असतो, आणि लोहकण काढणारा व क्षार काढणारा द्रव वापरून धुतले की थर पुन्हा पहिल्यासारखा वागू लागतो.

पुढच्या काचेला रंगासाठीचे कोटिंग लावू नये. वायपरची पाती त्यावर अडखळतात, पाणी पुसताना धूसर पट्टे राहतात आणि रात्री समोरून येणाऱ्या दिव्यांत ते त्रासदायक होतात. काचेसाठी वेगळे कोटिंग मिळते, ते लावावे. बाजूच्या काचा आणि आरसे यांनाही तेच चालते. दारांभोवतीचे काळे, खडबडीत प्लॅस्टिक मात्र काम सुरू करण्याआधीच चिकटपट्टीने झाकून घ्यावे, कारण पॉलिशची पांढरी भुकटी त्याच्या खाचांत बसली की ब्रशने घासूनही पूर्ण निघत नाही.